अदृश्य अस्तराची कुळकथा

आर्वी तालुक्यातल्या आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ हे गर्भचाचणीचं किट असतं. प्लास्टिकच्या चपट्या डबीत एक पांढरी पट्टी. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की ओल पट्टीवरून सरकत जाते आणि काही मिनिटांत लालसर रेघा दिसू लागतात. अशा चाचणीत नको तिथे रंग धरू नये, ही जबाबदारी डोळ्यांना न दिसणाऱ्या अस्तराची. केसाएवढ्या बारीक वाहिन्या कोरलेल्या प्लास्टिकच्या चिपमध्येही असंच अस्तर लागतं. त्याचं कूळ रंग-रोगणाच्या घराण्यात शोधणं मला चुकीचं वाटतं. रोगण वस्तूला बाहेरच्या ऊन-पावसापासून जपतं. इथे जपायचा असतो तो आतला थेंब, आणि तोही प्लास्टिकपासूनच.

पाण्याला दूर ठेवणारं प्लास्टिक प्रथिनांना मात्र घट्ट धरून ठेवतं. 1967 मध्ये केविन कॅट आणि जेफ्री ट्रेगिअर यांनी याच खोडीचा फायदा घेतला. प्लास्टिकच्या नळीला आतून प्रतिपिंडं नुसती चिकटू दिली आणि संप्रेरकं मोजली. पुढे एलायझा चाचणीनेही हीच वाट धरली. पण मोकळ्या उरलेल्या जागेवर भलतीच प्रथिनं बसली तर निकाल खोटा ठरतो. म्हणून ती जागा आधीच निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकायची रीत पडली. 1984 मध्ये प्रथिनं धरून ठेवणाऱ्या नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यासाठी चक्क साय काढलेल्या दुधाची पावडर सुचवली गेली. महागड्या रसायनांच्या रांगेत दुधाने जागा मिळवावी, हे या कुळातलं सर्वांत लोभस पान आहे.

चिकटून चिकटून किती प्रथिन चिकटणार, असं कोणी म्हणेल. एक सेंटिमीटर व्यासाच्या नळीपेक्षा 0.1 मिलिमीटरच्या वाहिनीत प्रत्येक थेंबाच्या वाट्याला शंभरपट भिंत येते. भिंतीला चिकटून होणारी, नळीत नगण्य असलेली घट तिथे अख्खा निकाल गिळते. मग काच का नको? काचेलाही प्रथिनं चिकटतात. शिवाय ती फुटते आणि साच्यातून स्वस्तात निघत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर आता सर्रास वापरतात, पण उष्णतेत हवेतल्या ऑक्सिजनने तोही झिजतो. अनेक किटवर 30 अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि वर्धा जिल्ह्यातला मे महिना 45 अंशांवर जातो. नव्या अस्तराची परीक्षा वातानुकूलित प्रयोगशाळेपेक्षा आर्वीच्या उपकेंद्रातल्या कपाटात, भर उन्हाळ्यात व्हायला हवी.