शिदोरी, पाणी आणि पंगत : महाड १९२७

१/ नाताळच्या सुट्टीत मित्रमंडळी जमतात. कुणी पुलाव आणतो, कुणी भाजी, कुणी सरबत. याला आपण पॉटलक म्हणतो. मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे : अंगतपंगत. आपापला डबा आणावा आणि सर्वांनी मिळून खावे. या साध्या गोष्टीच्या इतिहासातले एक पान महाडमध्ये लिहिले गेले. त्याविषयी हा थ्रेड.

२/ महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात शिदोरी म्हणजे फडक्यात बांधलेली तांदळाची वा नाचणीची भाकरी आणि सोबत सुकट किंवा चटणी. गोपाळकाल्याच्या कथेत सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात. प्रत्यक्ष गावात मात्र जातीगणिक पंगत वेगळी आणि पाणवठाही वेगळा.

३/ ही चौकट मोडण्याचा प्रयत्न १८४९ साली मुंबईत परमहंस सभेने केला. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे, हे तिच्या सभासदत्वाचे एक लक्षण होते. पण सारे गुप्तपणे! सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली, तेव्हा सभाच विखुरली.

४/ महाडला जे घडले ते दिवसाढवळ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले; पण केवळ कागदावर.

५/ १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीतल्या वृद्धांपर्यंत हजारो माणसे आली. काही जण शंभर मैलांवरून, खांद्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन. भाकरी स्वतःची होती. पाणी मात्र स्पृश्यांकडून ४० रुपये मोजून घ्यावे लागले.

६/ २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह सारे तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पाठोपाठ अफवा उठली : आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. जमाव मंडपावर चालून आला. कुणी परतीची आवराआवर करत होते, कुणी जेवत होते. माणसांना मारहाण झाली आणि ताटातले अन्न मातीत गेले.

७/ पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली.

८/ त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद भरली. स्थानिक व्यापाऱ्यांनी व्यवहार नाकारल्याने धान्याची तजवीज बाहेरून करावी लागली. मंडपासाठी जागा दिली फत्तेखान यांनी. तळ्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम होता. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हायकोर्टाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले.

९/ हे पाणी पिऊन कुणी अमर होणार नाही, आपणही माणसेच आहोत हे सिद्ध करायचे आहे, असा बाबासाहेबांच्या तेव्हाच्या भाषणाचा आशय होता. त्याच सुमारास समाज समता संघ स्थापन झाला आणि त्याने उघड सहभोजने घडवून आणली.

१०/ आज पॉटलकमध्ये आपण विचारतो, ‘हे कुणी केलंय?’ बहुतेकदा कौतुक करण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाच्या उत्तरावर माणसे पानावरून उठून जात. अजूनही काही घरांत हा प्रश्न त्या जुन्या अर्थाने विचारला जातो. तुमच्या पंगतीत तो कोणत्या अर्थाने येतो, हे या सुट्टीत जरूर पाहा.