शकुंतलेचे रूळ आणि गावाची वेबसाइट

सध्या ज्याला त्याला वेबसाइट हवी आहे. ग्रामपंचायत, शाळा, शेतकरी कंपनी, कापडाचं दुकान, सगळ्यांनाच. मोबाइलवर फुकट बनते, तासाभरात तयार, मग पैसे कशाला घालवायचे? सवाल रास्त आहे. पण याआधी काय काय झालं तेही माहीत असावं, म्हणून हे जरा लांबलचक.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. तेव्हा पान स्वतः लिहावं लागे. नोटपॅडमध्ये एचटीएमएलच्या खुणा टाइप करायच्या आणि फाइल एफटीपीने दूरच्या सर्व्हरवर चढवायची. मध्येच फोनची लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून! त्यात मराठीची वेगळीच पंचाईत. श्रीलिपीत कंपोज केलेला मजकूर, समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून आधी 'फॉन्ट उतरवून घ्या' ही सूचना, मग बातमी. युनिकोड रुळल्यावर ते संपलं. (आम्हा छापील पेपरवाल्यांचं अजून पुरतं संपलेलं नाही, ते सोडा.)

एवढी कटकट असल्यावर लोक तयार जागा देणाऱ्यांकडे वळणारच. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं जिओसिटीज त्यातलं सर्वांत गाजलेलं. जागा फुकट, साचेही फुकट. १९९९ मध्ये याहूने ते साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतलं, आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. लाखो पानं एका फटक्यात गेली. इंटरनेट अर्काइव्हसारख्यांनी धावपळ करून जमेल तेवढी वाचवली.

जुनी गोष्ट म्हणाल, तर अलीकडची घ्या. गुगलने दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद झाल्या. जुना पत्ता १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे नेत होता, पुढे तेही थांबलं. ज्याने दुकानाच्या बोर्डावर तो पत्ता रंगवून घेतला, त्याने काय करायचं?

उलट मायबोली बघा. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत सुरू केली. आतली यंत्रणा बदलत गेली, रोमन अक्षरांतलं मराठी जाऊन देवनागरी आली, पण नाव आणि पत्ता स्वतःचा. आजही उघडते.

रोहण्याच्या माणसाला हे समजायला जड नाही. आपल्याकडून जाणारी पुलगाव-आर्वी शकुंतला आठवा. गाडी सरकारी रेल्वे चालवायची, पण रूळ खाजगी कंपनीचे, स्वातंत्र्यानंतरही! गाडीत बसणारे आपण, रुळांचा निर्णय आपल्या हातात कधीच नव्हता.

तयार साच्यावर बनवू नका, असं माझं म्हणणं नाही. चहाटपरीवाल्याला तेच बरं. पण ग्रामसभेचे ठराव, शाळेचे जुने फोटो, गावाची माहिती ही भाड्याच्या खोलीत ठेवायची चीज नाही. वर्डप्रेस २००३ पासून फुकट आहे, आणि सगळा मजकूर उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतो. डोमेनचा वर्षाचा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. फक्त ते ठेकेदाराच्या नावावर नको, आणि पासवर्ड ग्रामसेवकाच्या खाजगी मेलवर तर नकोच. बदली झाली की साहेब गेले आणि वेबसाइटही गेली.

येत्या ग्रामसभेत विषय निघालाच, तर दोन गोष्टी उभं राहून विचारा भाऊ. नाव कोणाच्या नावावर घेताय? आणि सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर पंचायतीला कधी देताय?