दर आणि पोहोंच



वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत पहिली शिफ्ट सुटण्याच्या सुमारास बजाजनगरच्या एखाद्या चौकांत आपण उभे राहिलांत, तर रस्त्याच्या कडेला एक रंगीत छत्री, छत्रीखालीं एक टेबल आणि टेबलामागें गळ्यांत ओळखपत्र अडकविलेला एक तरुण, असें दृश्य आपणांस हटकून दिसेल. कारखान्यांतून थकून परतणाऱ्या माणसाला तो हाक मारतो, "काका, पोर्ट करून घ्या. नंबर तोच राहील." नंबर तोच ठेवून कंपनी बदलावयाची, या सोयीला आपल्या देशांत आतां पंधरा वर्षें होऊन गेलीं. तिचा इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्या निमित्तानें स्वतःचाहि एक हिशेब आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला शाळामास्तर आहें. यंत्रशास्त्रांत माझा अधिकार नाहीं. परंतु दर मोठा कीं पोहोंच मोठी, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून व्यवहाराचा आहे, आणि या भागाला तर तो मुळींच नवा नाहीं.

वाळूज हें औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें गांव. याच रस्त्यानें पुढें गेलें आणि कायगांव-टोक्यापाशीं गोदावरी ओलांडली कीं नगर जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडे निजामाचें राज्य, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. निजामाच्या राज्याचें नाणें निराळें होतें. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार रुपये मिळत. टपालहि निराळें होतें. १८६९ पासून हैदराबाद संस्थानचीं स्वतःचीं तिकिटें निघत. पण तीं संस्थानच्या हद्दींतच चालत. औरंगाबादेस संस्थानचें टपालघर होतें आणि इंग्रज सरकारचेंहि होतें. जालन्याच्या व्याह्यास पत्र टाकावयाचें तर हाली नाण्यांत मिळणारें घरचें तिकीट पुरे होई. पुण्यास शिकणाऱ्या मुलास लिहावयाचें तर इंग्रजी तिकिटावांचून गत्यंतर नसे. हाताशीं असलेली डाक नदीपाशीं थांबे आणि दूर जाणारी डाक कलदार मागे. पुढें १ एप्रिल १९५० रोजीं हैदराबादचें टपाल भारताच्या टपालांत विलीन झालें आणि ही निवड करण्याचें कारणच उरलें नाहीं. नंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत टपालाला काय किंवा टेलिफोनला काय, सरकार हा एकच धनी होता. एकच धनी असला म्हणजे निवडीचा त्रास वांचतो हें खरें. पण वस्तु मिळावी कशी, हा निराळा त्रास सुरू होतो.

तो त्रास माझ्या पिढीनें पुरेपूर भोगला आहे. घरीं टेलिफोन हवा म्हणून अर्ज करावा आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. परगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसून राहावें. वाळूजला १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना आला. त्याच्यामागून लहानमोठे कारखाने आले आणि मराठवाड्याच्या आठही दिशांकडून तरुण मुलें येथें खोल्या करून राहूं लागलीं. त्या मुलांचा घराशीं संबंध राहिला तो पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथमुळें. रात्रीं दर उतरला कीं बूथसमोर रांग लागे. गांवाकडे ज्याच्या घरीं फोन असेल त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहिलेला असे. आधीं फोन करून निरोप द्यावयाचा, दहा मिनिटांनीं पुन्हां करावयाचा. तोंवर आईला कोणी बोलावून आणी. माझ्या शेजारच्या खोलींतला एक मुलगा तीं दहा मिनिटें घड्याळाकडे टक लावून काढी, तें मला अजून आठवतें.

भारतांतील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्यें, ज्यांत मुंबई येत नाहीं आणि गोवा येतो, प्रारंभीं दोनच खासगी कंपन्या होत्या : एक बी.पी.एल. आणि दुसरी बिर्ला-ए.टी. अँड टी. त्या काळीं मिनिटाचा कमाल दर १६ रुपये ८० पैसे होता आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे पडत. फोन वाजला कीं माणूस आनंदण्याऐवजीं दचके! २००२ च्या अखेरीस सरकारी बी.एस.एन.एल.चा मोबाइल आला, १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मग मात्र वाळूजच्या खोल्याखोल्यांतून फोन वाजूं लागले. मींहि त्याच वर्षीं पहिला फोन घेतला.

त्या दिवसांत नंबर ऐकतांच कंपनी ओळखूं येई. ९८२२ म्हणजे एक, ९८२३ म्हणजे दुसरी, ९४२२ म्हणजे सरकारी. नंबर हा कंपनीचा असे आणि तो आपण जणूं भाड्यानें वापरीत असूं. घर बदललें तर पत्ता बदलतो, त्याप्रमाणें कंपनी बदलली तर नंबर सुटे. नोकरदाराला हें परवडेल एकवेळ; पण ठेकेदाराच्या वहींत ज्याचा नंबर लिहिलेला आहे, ज्याला "उद्यां सेकंड शिफ्टला ये" असा निरोप त्याच नंबरावर येणार आहे, त्या कामगारानें नंबर कसा सोडावा? सेवा कितीहि वाईट असली तरी तो जागचा हलत नसे, आणि हें कंपन्यांस पक्कें ठाऊक होतें.

परदेशांत ही बेडी आधींच तुटली होती. सिंगापुरानें १९९७ सालींच नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे 'ट्राय'नें, २००६ सालीं तशी शिफारस केली. नंतर तारखांवर तारखा पडल्या. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजीं हरियाणांत आणि २० जानेवारी २०११ रोजीं सर्व देशांत ही सोय सुरू झाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा, उलट एक सांकेतिक आंकडा येतो तो नव्या कंपनीच्या दुकानांत दाखवावा; त्या वेळीं यासाठीं जास्तींत जास्त १९ रुपये द्यावे लागत. आंतलें यंत्र असें : पूर्वीं नंबरचे पहिले आंकडे पाहून कॉल कोणाकडे धाडावयाचा तें ठरे. आतां कोणता नंबर आज कोणाच्या घरीं नांदतो याची नोंदवही ठेवणाऱ्या दोन मध्यवर्ती संस्था आहेत आणि त्यांच्या नोंदीवरून कॉलची वाट ठरते. मात्र एक अट होती, आणि ती आजहि आहे. एकदां कंपनी बदलली कीं पुढचे नव्वद दिवस पुन्हां बदलतां येत नाहीं.

या अटीचा अर्थ मला २०१२ सालीं कळला.

त्या वर्षीं उन्हाळ्यांत चौकांतल्या अशाच एका छत्रीखालीं मीं कंपनी बदलली. कागदावर हिशेब मांडला होता. महिन्याकांठीं पाऊणशें रुपये वांचत होते. मास्तराला हिशेबाचा अभिमान असतो. नव्या फोनला शाळेंत रेंज होती, चौकांत होती, बाजारांत होती. घरांत मात्र पुढच्या खिडकीपाशीं तेवढी येई आणि झोपावयाच्या खोलींत मुळींच नसे. मीं ती गोष्ट फारशी मनावर घेतली नाहीं. रात्रीं कोण फोन करणार, असा माझा विचार!

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असूं, वैजापूर तालुक्यांतल्या एका खेड्यांत राहत असे. आषाढांतल्या एका रात्रीं तिला दम लागला. भाच्यानें रात्रभरांत मला अकरा वेळां फोन केला. प्रत्येक वेळीं त्याला हा ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे, असेंच ऐकूं आलें. मी तर माझ्या घरांत, माझ्या खाटेवर निजलों होतों. पहांटे शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हां अक्का गेलेली होती. वैजापूर येथून दीड-दोन तासांची वाट आहे. रात्रीं निघालों असतों तर भेट झाली असती, इतकेंच मी म्हणतों. त्याहून अधिक म्हणण्यांत अर्थ नाहीं. दहावा-बारावा आटोपून आल्यावर मी दुकानांत गेलों. तेथील मुलानें दिवस मोजून सांगितलें, "अजून सत्तेचाळीस दिवस आहेत, सर." मुलगा भला होता, नियम त्यानें केलेला नव्हता. ते सत्तेचाळीस दिवस मी फोन खिडकीच्या गजाला बांधलेल्या पिशवींत ठेवून तिच्याखालीं अंथरूण टाकून झोपलों. त्यानंतर पुन्हां पोर्ट केलें, पाऊणशें रुपये महागाच्या कंपनींत.

असें कां घडतें, तें मीं नंतर समजून घेतलें. रेडिओच्या लहरी जितक्या मंद कंपनांच्या, तितक्या त्या लांब जातात आणि भिंतींतूनहि अधिक शिरतात. आरंभींच्या कंपन्यांना ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी मिळाल्या होत्या; मागाहून आलेल्या पुष्कळांच्या वांट्यास १८०० च्या आल्या. त्यांना तेवढ्याच प्रदेशासाठीं टॉवर अधिक दाट उभारावे लागतात, आणि टॉवर म्हणजे खर्च. नवागत कंपनी दर उतरविते आणि टॉवर मागाहून उभारते. शिवाय आमच्याकडचीं घरें पाहा. खालीं सिमेंटचा स्लॅब, वर पत्र्याच्या खोल्या, आणि दोन घरांमध्यें हातभर बोळ. रांजणगांव-जोगेश्वरीकडे तर पत्र्यांचीच वस्ती. लोखंडी पत्रा लहरींना परतवून लावतो. म्हणजे ज्याचें घर हलकें त्याची रेंजहि हलकी, आणि स्वस्त दराचा मोह नेमका त्यालाच अधिक. दर छापील असतो. रेंज छापलेली नसते. निदान त्या वेळीं नव्हती. २०२४ च्या सेवागुणवत्तेच्या नियमांनीं कंपन्यांना आपापल्या पोहोंचीचे नकाशे प्रसिद्ध करावयास लावलें, तें योग्यच झालें. तरीपण नकाशावर रंगविलेल्या गांवांत माझी खाट रंगविलेली नसते. म्हणून कोणी विचारलें कीं मी एवढेंच सांगतों : ज्या कंपनींत जावयाचें तिचा फोन शेजाऱ्याकडून एका रात्रीपुरता मागून घ्यावा आणि उशाशीं ठेवून पाहावा.

पुढचा इतिहास लवकर सांगण्याजोगा आहे. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यांत जातांनाहि नंबर कायम ठेवतां येऊं लागला. बिहार किंवा उत्तर प्रदेशांतून वाळूजला आलेल्या कामगारास याचा उपयोग मोठा, कारण तोंवर तो आपल्या गांवच्या नंबरावर रोमिंगचे पैसे भरीत असे. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ आली आणि कित्येक महिने सारें फुकट दिलें. त्या स्पर्धेंत लहान कंपन्या टिकल्या नाहींत. ३० जानेवारी २०१८ रोजीं एअरसेलनें महाराष्ट्रांतील सेवा थांबविली, तेव्हां तिच्या ग्राहकांना आपला नंबर वांचविण्यासाठीं दुसरीकडे धांवावें लागलें. त्याच वर्षीं व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. २०११ सालीं दहाहून अधिक दारें होतीं. आज तीन खासगी आणि एक सरकारी, एवढींच उरलीं आहेत. दार बदलण्याची मुभा कायम राहिली, दारें मात्र कमी झालीं, आणि यांतली मेख छत्रीखालचा तरुण सांगत नाहीं.

गरिबांनीं यावर आपला तोडगा काढला होता. एका फोनमध्यें दोन सिम : एक स्वस्त बोलण्यासाठीं, एक गांवीं रेंज येते म्हणून. निजामी आणि इंग्रजी, दोन्ही तिकिटें पेटींत ठेवणाऱ्या आमच्या आजोबांची ही अगदीं तीच रीत. परंतु २०१८ च्या शेवटीं कंपन्यांनीं नुसतें सिम जिवंत ठेवण्यासाठींहि महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला, आणि पुढें ती रक्कम वाढतच गेली. दुसरें सिम पुष्कळांनीं सोडून दिलें. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४, असे तीन वेळां खासगी कंपन्यांनीं पाठोपाठ दर वाढविले. तिसऱ्या वाढीनंतर लोक पुन्हां सरकारी कंपनीकडे वळले. त्या एका जुलै महिन्यांत बी.एस.एन.एल.चे ग्राहक सुमारे २९ लाखांनीं वाढले. तिचा दर कमी होता. पण चौथ्या पिढीचें जाळें तेव्हां तिच्याकडे नीटसें उभें नव्हतें. देशांत बनविलेल्या यंत्रांवर चालणाऱ्या त्या जाळ्याचें राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. त्यामुळें २०२४ मध्यें तिकडे गेलेल्यांपैकीं कित्येकजण, माझ्या गल्लींतलेच चौघे, मध्यंतरींच परतले होते. स्वस्ताईसाठीं गेले ते रेंजसाठीं आले, आणि नव्वद दिवस त्यांनींहि मोजले.

गेल्या महिन्यांत भाचा आला होता. आतां त्याचा मुलगा येथल्या कारखान्यांत लागला आहे आणि आमच्याच घरीं माडीवरच्या पत्र्याच्या खोलींत राहतो. रिचार्ज फार होतो, पोर्ट करावें काय, असें त्यानें मला विचारलें. मीं त्याला शेजारच्या मुलाचें सिम एका रात्रीपुरतें आणावयास लावलें. रात्रीं दहा वाजतां मी खालून त्याला फोन लावला. घंटा गेली, पण त्याचा आवाज तुटत होता. बारा वाजतां पुन्हां लावला तेव्हां लागलाच नाहीं. सकाळीं तो म्हणाला, "मामा-आजोबा, महिना दीडशें रुपये वांचले असते." मीं म्हटलें, वांचले असते खरे, गांवाकडे आई रात्रीं कोणत्या नंबरावर फोन करते तें आधीं सांग. त्यानें अजून पोर्ट केलेलें नाहीं. पावसाळ्यानंतर पुन्हां एकदां सिम आणून पाहूं, असें आमचें ठरलें आहे.