जुन्या मोटारींचे मंद दिवे आणि रिलेचा उपाय

मुंबई-गोवा महामार्गावर महाड सोडून म्हाप्रळच्या दिशेने वळले की सावित्रीचा खाडीपट्टा सुरू होतो. तुडील हे गाव याच पट्ट्यातले. अरुंद रस्ता, वळणे, पावसाळ्यात कडेने चालणारी माणसे आणि गुरे, शिवाय गावाबाहेर पडताच मिट्ट काळोख. अशा वाटेवर एखादी जपून ठेवलेली फियाट किंवा ॲम्बॅसॅडर रात्री बाहेर काढली, तर तिचे पिवळसर, निस्तेज दिवे चालकाची परीक्षाच पाहतात. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटातील धुक्यात तर अधिकच.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्या वाहिल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीच्या रूपात रस्त्यावरून निरोप घेतला. हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या मात्र आजही धावतात. त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार दिव्यांविषयी असते आणि नेहमीचा उपायही ठरलेला असतो : मोठ्या वॅटचा बल्ब. हा उपाय चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर धोक्याचाही आहे.

दोष बहुधा बल्बचा नसून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विद्युतदाबाचा असतो. जुन्या रचनेत दिव्यांचा सगळा प्रवाह बॅटरीपासून निघून डॅशबोर्डावरील बटण, मग डिपर आणि तेथून पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत असा लांबचा फेरा घेतो. जुन्या ॲम्बॅसॅडरमध्ये तर डिपर पायाने दाबायचा असे आणि तो ओल्या चिखलाच्या बुटाखालीच राहत असे. चाळीस-पन्नास वर्षांत बटणांचे संपर्कबिंदू काळवंडतात, थिंबल सैल होतात, तारेचे तांबे आतून कळकते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत हे अधिक लवकर घडते. प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा दाब गळतो. तंतूच्या बल्बचा स्वभाव असा की, दाब १० टक्के घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. १५ टक्के घटला तर ४० टक्क्यांहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. नवा बल्ब बसवूनही फरक दिसत नाही, तो यामुळेच.

युरोपीय धाटणीच्या जुन्या दिव्यांत ४५/४० वॅटचे बल्ब असत. दोन बल्बांना मिळून १२ व्होल्टवर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह लागे. त्यांच्या जागी बाजारात सहज मिळणारे १००/९० वॅटचे बल्ब लावले की हाच प्रवाह जवळजवळ १७ अँपिअरवर जातो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे पाचपट. शिवाय ल्युकासच्या पद्धतीने वायरिंग केलेल्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या मार्गात फ्यूजच नसतो. डिपर वितळणे, तारांवरचे आवरण जळणे आणि क्वचित गाडीच पेटणे, असा हा क्रम आहे.

खरा उपाय रिलेचा. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे बटण. मूळ तारा कायम ठेवून त्यांच्याकडून फक्त रिलेला इशारा द्यायचा. त्यासाठी पाव अँपिअरही लागत नाही. दिव्यांचा जड प्रवाह बॅटरीतून जाड तारेने थेट रिलेत आणि तेथून बल्बात जातो. रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला दिव्यांकडे जाणारी, ८५ आणि ८६ यांपैकी एकाला अर्थिंग व दुसऱ्याला डिपरकडून येणारी जुनी तार. जड प्रवाहासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी आहे. डिपर व अपर यांसाठी दोन स्वतंत्र रिले आणि प्रत्येकाला बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज असावा. यात कंजुषी करू नये. एकच फ्यूज ठेवला आणि तो ऐन घाटात उडाला, तर दोन्ही दिवे एकदम जातात.

अर्थिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुन्या गाडीत परतीचा प्रवाह गंजलेल्या पत्र्यातून जातो. दिव्यांपासून स्वतंत्र काळी तार ओढून ती चेसिसवर घासून स्वच्छ केलेल्या जागी घट्ट बसवावी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. अशा गाडीत आत डायोड असलेला रिले वापरताना ८५ व ८६ च्या जोडण्या उलट कराव्या लागतात.

काम हाती घेण्यापूर्वी आणि संपल्यावर मोजणी करणे उत्तम. इंजिन सुरू व दिवे लावलेले असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे बल्बच्या धन टोकाला लावावे. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत गळालेला दाब. तो अर्ध्या व्होल्टच्या आत आला की काम साधले. अर्थिंगच्या बाजूनेही हीच तपासणी करावी.

महाडकरांसाठी आणखी एक बाब. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहरातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पुरातून वाचलेल्या गाडीत नुसते रिले बसवून भागत नाही. तारेचे टोक सोलून पाहावे. तांबे काळे किंवा हिरवे दिसले तर ती तार बदलावी. रिलेही वरच्या बाजूला, जोडण्या खाली येतील अशा रीतीने बसवावेत, म्हणजे पाणी आत साचत नाही.

वायरिंग सुधारल्यावर ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब पुरतात. मात्र दिव्याची काच व परावर्तक त्यासाठीच घडवलेले हवेत. जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब कोंबल्यास प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. धुक्यात तो उलट चालकाच्याच अंगावर येतो.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत बदल केलेली गाडी तीत बसत नाही. रिलेची जोडणी यांपैकी कशालाच हात लावत नाही आणि मूळ तारा न कापता केली असेल तर केव्हाही काढून ठेवता येते. शेवटी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून झोत तपासावा. प्रकाश वाढल्यावर पूर्वी खपून गेलेला तिरपेपणा समोरून येणाऱ्याला जाचू लागतो.