कापूसतळणीचं स्टेशन

आपल्या सोसायटीत अमरावती-अकोल्याकडची सात-आठ घरं आहेत. गणपतीत गप्पांचा फड जमला की 'शकुंतला' गाडीचा विषय हमखास निघतो. गाडीबद्दल सगळेच बोलतात, स्टेशनांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून स्मरणिकेसाठी त्यातलंच एक छोटं स्टेशन निवडलं : दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी यांच्यामधलं कापूसतळणी.

गावाच्या नावातच कापूस, आणि रेल्वे आली तीही कापसासाठीच. मुंबईहून निघालेली मोठी लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. पण वऱ्हाडातल्या आतल्या गावांचा माल त्या लाइनपर्यंत न्यायचा तर बैलबंडीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली इथे अडीच फुटी नॅरोगेज आली. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवायच्या, मोठ्या गाडीत भरायच्या, पुढे मुंबई, आणि तिथून बोटीने विलायत. मँचेस्टरला कापूस गेला आणि तिथून इंजिन आलं. १९२१ साली बनलेलं ते वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं!

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, ही लाइन मात्र राहून गेली. गाडी चालवायची सरकारने, लाइन कंपनीच्या मालकीची. मग दुरुस्तीचा खर्च कोणाचा? घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. रूळ खिळखिळे झाले, वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. (तरी नाव शकुंतला एक्स्प्रेस!) कापूस ट्रकने जाऊ लागला, स्टेशनांवरची नोकरमाणसं कमी झाली. शेवटी शेवटी गार्डच तिकिटं द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, कोणीतरी उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे गेली की उघडायचं आणि पुन्हा चढायचं. आपण याला हसतो, पण एसटीचं भाडं न परवडणाऱ्यांना हीच गाडी होती. कंपनीने ती कापसासाठी बांधली आणि टिकवली ती या लोकांनी, असं माझं मत.

गेल्या दशकात गाडी बंद झाली. ब्रॉडगेजची घोषणा झाली आहे, मागण्याही चालू आहेत. मोठ्या गाड्यांना छोटी स्टेशनं नकोशी असतात. त्यामुळे नव्या लाइनवर कापूसतळणीला थांबा मिळणार का, हे तिकडच्या मंडळींनी आताच विचारून ठेवलेलं बरं.