गागोद्याचा फणस आणि कुळाचे परस

आजचा विषय परसबाग. सेंद्रिय भाजीपाल्याची बाग ही अलीकडे शहरी हौस मानली जाते आणि तिची चर्चा बहुधा खतापासून सुरू होते: गांडूळखत की शेणखत, कुंडी की वाफा. पेण आणि रोहे या रायगडातील दोन तालुक्यांकडे पाहिले की मात्र निराळाच प्रश्न आधी उभा राहतो. परस कोणाचे?

कोकणातल्या घराची रचना आठवा. पुढे अंगण, मागे परस. न्हाणीचे पाणी केळीच्या आणि अळूच्या मुळाशी जाई, गोठ्यातले शेण उकिरड्यात कुजे, पालापाचोळा आळ्यात पडे. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, कारली चढत. कुंपणाशी शेवगा उभा असे. ‘सेंद्रिय’ हे विशेषण लावण्याची गरजच नव्हती, कारण दुसरा प्रकार अस्तित्वात नव्हता.

अशाच एका घरात, पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. त्यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. घराच्या आवारात फणसाचे झाड होते. फळ धरले की लहानगा विनू ‘कधी खायचा?’ म्हणून विचारत राही. फणस पिकल्यावर आई रुक्मिणीबाई गरे द्रोणांत भरी आणि प्रथम शेजाऱ्यांच्या घरी पोचवायला लावी. सगळे द्रोण वाटून झाले की मग मुलाला जवळ बसवून खाऊ घाली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवण मिळत नसे, हीही त्याच घरातली शिस्त.

गागोद्यात विनोबा जन्मल्यावर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. घराणे रोह्याचे आणि बालपणही बव्हंशी रोह्यातले. केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले, ही गोष्ट त्यांच्या अर्थशास्त्रीय कीर्तीखाली झाकली गेली आहे. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली.

आता १९५० सालाकडे या. या वर्षी देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले. देशापुढचा मोठा प्रश्न अन्नाचा होता. पुढच्याच वर्षी सुमारे वीस लाख टन धान्यासाठी अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. याच सुमारास वर्ध्याजवळ पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी ‘कांचनमुक्ती’ मांडली होती, म्हणजे पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग. प्रारंभ भाजीपाल्यापासून केला. बैल नाहीत, फक्त कुदळ आणि हात. या पद्धतीला त्यांनी ‘ऋषिशेती’ म्हटले. विहिरीचा रहाटही माणसेच ओढत आणि ओढताना गीताईचे श्लोक म्हणत. एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या या दोघांपैकी एक रुपयाचा कारभार पाहत होता आणि दुसरा रुपयाविना भाजी पिकवत होता. मला हा योगायोग फार आवडतो, पण त्यातून कोण बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये. काही माणसांची भाजी वाफ्यातून येऊ शकते. कोट्यवधींच्या धान्याला जहाजे लागतात.

शिवाय गागोद्याच्या फणसामागे एक गोष्ट लपलेली आहे. झाड होते, कारण जमीन होती. भावे हे जमीनदार घराणे. त्या काळी कोकणात कुळाचे राहते घरसुद्धा कित्येकदा मालकाच्या जागेत असे, आणि ज्याचे घरच दुसऱ्याच्या मर्जीवर, तो दहा वर्षांनी फळ देणारा फणस कशाला लावील? पिकाच्या वाटणीवरून तर शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेती करणेच थांबवले होते. डोंगराकडेच्या कातकऱ्यांचे परस म्हणजे रान: पावसाच्या तोंडावर शेवळ, मग टाकळा, भारंगी.

विनोबांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले. भाजीच्या वाफ्यातून उठलेला माणूस तेरा वर्षे जमीन मागत चालत राहिला.

कोकणापुरते पाहता अधिक टिकाऊ उत्तर एका रूक्ष कायद्यात सापडते. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे सोळावे कलम कुळाला मालकाच्या जागेतील राहत्या घरातून हुसकावण्यास मनाई करते. हे संरक्षण केवळ चार भिंतींना नाही. घराची जागा आणि घराला लागून असलेली, वापरासाठी आवश्यक अशी जमीनही त्यात येते. कायद्याने ‘परस’ हा शब्द वापरलेला नाही, पण मोजणी केली तर ती जमीन तीच: न्हाणीमागची, केळी आणि अळूची.