चेनपुलीची गोष्ट : हात सुटला तरी न पडणारे ओझे

महामार्गालगतच्या कोणत्याही ट्रक-गॅरेजात एक दृश्य हमखास दिसते. लोखंडी घोडीला चेनपुली टांगलेली असते, तिच्या आकड्याला पाच-सहाशे किलोचे इंजिन लटकत असते आणि साखळी ओढणारा मिस्त्री ती सोडून देऊन पाना शोधायला निघून गेलेला असतो. इंजिन जागचे हलत नाही. कोणालाही त्यात नवल वाटत नाही. परंतु यंत्रयुगाच्या आरंभी ही गोष्ट मुळीच गृहीत धरता येत नव्हती. हा धागा त्या न हलण्याच्या इतिहासाविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जड वस्तू म्हणजे दणकट वस्तू, असे आपल्याला वाटते. एकोणिसाव्या शतकातील यंत्रे मुख्यतः ओतीव लोखंडाची असत. हे लोखंड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात यांपुढे ते काचेच्या जातीचे आहे. वाकत नाही, थेट तडकते. ज्या बेअरिंगांवर जाड दंड फिरत, त्यांना आतून मऊ मिश्रधातूचे अस्तर असे आणि दंड त्यात वेडावाकडा टेकला की ते ओरबाडून निघे. म्हणजे टनभर वजनाचा भाग उचलायचा, केसाइतक्या फटीत नेमका बसवायचा आणि त्याला धक्काही लागू द्यायचा नाही, अशी ही कसरत होती.

नवे यंत्र उभारताना निदान जागा मोकळी असते. दुरुस्तीच्या वेळी चहूबाजूंनी इतर यंत्रे असतात, डोक्यावर छत असते, मोठी यारी तिथे पोहोचत नाही. शिवाय भाग फुटला तर काय, हा प्रश्न असतोच. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा यंत्रसामग्री इंग्लंडहून आली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. तोवर असा जड माल आफ्रिकेला वळसा घालूनच यायचा. दुरुस्ती करताना एखादा मोठा ओतीव भाग फुटणे म्हणजे किती महिन्यांचा खोळंबा, याची कल्पना केलेली बरी.

आता साधनांकडे वळू. पहार, पाचर, तरफ, कप्पी आणि रहाट ही सारी प्राचीन साधने. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात तीन आणि पाच कप्प्यांच्या उचलयंत्रांचे वर्णन केले आहे. म्हणजे वजन उचलण्याची विद्या दोन हजार वर्षांपूर्वीही चांगली अवगत होती. उणीव होती ती थांबवण्याची. विहिरीच्या रहाटाची मूठ हातातून निसटली तर काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घागर खाली जाते आणि मूठ उलट गरगरत हाताचा वेध घेते. दातेरी चाक आणि खिटी बसवून उचलतानाचा धोका टळतो. पण ओझे खाली उतरवायचे म्हटले की ती खिटीच बाजूला करावी लागते. मग सारा भार पुन्हा माणसाच्या मनगटावर किंवा एखाद्या ब्रेकच्या भरवशावर.

या उणिवेची किंमत लंडनकरांनी ३ नोव्हेंबर १८५७ रोजी डोळ्यांनी पाहिली. इझाम्बार्ड ब्रुनेल यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे सुमारे बारा हजार टनांचे जहाज थेम्स नदीत आडवे उतरवले जात होते. ते बेताने सरकावे म्हणून प्रचंड रिळांवर साखळ्या गुंडाळलेल्या होत्या आणि रिळांच्या मुठींपाशी मजूर उभे होते. जहाज अचानक हलले, साखळी ताणली गेली, रीळ फिरले आणि त्याच्या मुठी उलट गरगरल्या. मजूर हवेत फेकले गेले, जीवितहानी झाली. यंत्राने माणसाची शक्ती जहाजाकडे न्यायची, तर जहाजाचीच शक्ती यंत्रातून माणसाकडे आली. पुढे जलदाबावर चालणारे जॅक लावून ते धूड इंचाइंचाने ढकलण्यात आले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी एकदाचे तरंगले. त्यांपैकी काही जॅक बर्मिंगहॅमच्या टँगाय बंधूंचे होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उलट न फिरणारे यंत्र ही कल्पना मात्र तेव्हा अगदीच नवी नव्हती. वाफेच्या घणामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स नॅस्मिथ यांनी १८३८ च्या सुमारास तिचा एक सुरेख उपयोग केला होता. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाचे मोठे भांडे यारीला टांगलेले असे आणि लांब दांड्यांनी ते माणसे कलती करत. एकाचा पाय घसरला की तप्त लोखंड सर्वांच्या अंगावर. नॅस्मिथ यांनी भांड्याच्या आसाला दातेरी चक्र आणि त्यात अडकणारे मळसूत्र बसवले. मळसूत्र फिरवले की चक्र फिरते. परंतु चक्राने कितीही जोर लावला तरी मळसूत्र फिरत नाही. एकच माणूस सुरक्षित अंतरावरून भांडे सावकाश कलते करू लागला आणि त्याने हात काढला तरी भांडे होते तिथेच राहू लागले. नॅस्मिथ यांनी याचे पेटंट घेतले नाही. रचना सर्वांना खुली ठेवली. मला स्वतःला त्यांच्या वाफेच्या घणापेक्षा हे भांडे अधिक थोर वाटते.

कुठेही नेता येईल आणि कुठेही टांगता येईल असे याच गुणाचे उचलयंत्र दिले ते थॉमस ऑल्ड्रिज वेस्टन यांनी, १८५० च्या दशकात. ते तयार करून बाजारात आणले टँगाय बंधूंनी आणि १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते मांडले गेले. मूळ कल्पना जुनी होती. ‘चिनी रहाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनात एकाच आसावर एक जाड आणि एक थोडा बारीक असे दोन रूळ असतात. दोर एकावर गुंडाळला जातो तेव्हा दुसऱ्यावरून सुटतो, आणि ओझे केवळ त्या दोहोंतील फरकाइतके हलते. अडचण एवढीच की थोडे उचलण्यासाठीही रुळांवर भरमसाट दोर लागतो. वेस्टन यांच्या रचनेत दोराऐवजी दोन्ही टोके जोडलेली अखंड साखळी आली आणि रुळांऐवजी साखळीच्या कड्या बसतील अशा खाचांची चाके आली. साखळी गुंडाळण्याची गरजच उरली नाही.

थोडे गणित करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. मोठ्या चाकाला बारा खाचा आणि त्याला जोडलेल्या लहान चाकाला अकरा, असे समजा. मग ओझे एक फूट वर जाण्यासाठी साखळी चोवीस फूट ओढावी लागते. म्हणजे हजार किलोंसाठी बेचाळीस किलोंचा जोर पुरेसा व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक लागतो. ओढणाऱ्याचे निम्म्याहून जास्त श्रम साखळी आणि चाकांच्या घर्षणातच जिरतात.

शाळेच्या पुस्तकात अशा यंत्राला आपण ‘कमी कार्यक्षम’ म्हणून नापास करू. पण आता साखळी सोडून द्या. ओझ्याला खाली येण्यासाठी तेच घर्षण उलट दिशेने जिंकावे लागेल. शंभरातील पन्नासांहून अधिक वाटा घर्षण खात असेल, तर ओझ्याच्या वाट्याला उरतात पन्नासांहून कमी. ते हरते. जागेवर लटकत राहते. उतरवायचे झाले तरी साखळी उलट बाजूने ओढावीच लागते, आणि ओढाल तेवढेच ते उतरते. वाया गेलेले श्रम हेच इथे सुरक्षिततेचे मोल आहे. घर्षणाशी लढण्यात आयुष्य घालवणाऱ्या यंत्रकारांच्या शतकात त्यालाच कामाला जुंपणारे हे यंत्र लोकप्रिय व्हावे, हा योग मला फार विलक्षण वाटतो.

आजच्या गॅरेजातील चेनपुली बहुधा वेगळ्या रचनेची असते. आत दातेरी चाके असल्याने श्रम कमी वाया जातात. मग ओझे धरून ठेवायला वेगळा ब्रेक लागतो, आणि या जातीचा ब्रेकही वेस्टन यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात ओझ्याचे वजनच ब्रेकच्या चकत्या एकमेकींवर दाबते. ओझे जितके जड, तितकी पकड घट्ट. वर चढवताना ऐकू येणारी टिकटिक ही त्यातील खिटीची.

आकड्याच्या वर एवढे सारे सुधारले, तरी आकड्याच्या खाली दोर बांधण्याची कला उरतेच, आणि नाजूक भाग बहुतेकदा इथेच फुटतात. एका आकड्याला दोन दोर लावून वस्तू उचलली की प्रत्येकावर निम्मा भार येतो, हा समज फक्त दोर सरळ उभे असतील तरच खरा. ते पसरून जमिनीशी तीस अंशांचा कोन करू लागले की प्रत्येक दोरावर निम्मा नव्हे, संपूर्ण ओझ्याइतका ताण येतो. शिवाय दोन्ही दोर वस्तूला आतल्या बाजूला चेपतात. दोर तुटला नाही तरी पातळ कवचाचा भाग तडकू शकतो. म्हणून मध्ये आडवी तुळई घालून तिच्यापासून दोर सरळ खाली सोडतात आणि घासलेल्या पृष्ठभागाखाली लाकूड किंवा कातडे ठेवतात.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्यात या सर्व साधनांसाठी एक कलम होते, एकोणतिसावे. उचलयंत्रे, साखळ्या, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी झाली पाहिजे, आणि प्रत्येकावर त्याची सुरक्षित भारमर्यादा स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे, असे ते सांगत असे. पुढच्या वेळी एखादी चेनपुली दिसली, तर तिच्यावरचा तो आकडा शोधून पाहा. पुष्कळदा तो ग्रीसखाली असतो; कधी कधी रंगाच्या तिसऱ्या हाताखाली.